विजेची मोटार आणि तिच्या वाटेवरील अडथळे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात पनवेल येथे केलेले भाषण)



संमेलनाच्या भाषणांत सामान्यतः शिक्षण, विवाहातील अनिष्ट खर्च, अथवा तरुणांची कर्तव्ये असे विषय येतात. आज मी मोटारीविषयी बोलणार म्हटल्यावर काही जणांच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले मी पाहिले. मी मॅट्रिक शिकलेला शाळामास्तर. यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. परंतु हा विषय मुख्यतः यंत्राचा नसून घराचा, अंगणाचा, कर्जाचा आणि शेजारधर्माचा आहे, असे माझे मत झाले आहे, आणि या गोष्टींविषयी बोलण्याचा अधिकार कोणाही गृहस्थाला आहे. शिवाय आपल्यातील कितीतरी तरुण टॅक्सी, इको किंवा टेम्पो चालवून संसार करतात. त्यांतील काही जण आता विजेच्या गाडीसाठी आपल्या पतपेढीकडे कर्ज मागू लागले आहेत. त्यांना ‘हो’ म्हणावे की ‘नाही’, हा प्रश्न आपल्यासमोर आहे. तेव्हा तो समजून घेऊनच त्याचे उत्तर द्यावे, एवढाच या भाषणाचा हेतू.

प्रथम आपल्या गावाकडे पाहू. पनवेल हे वाहनांच्या जिवावर वाढलेले गाव आहे. मुंबईहून गलबते खाडीने पनवेल बंदरात येत, आणि तेथून माल बैलगाड्यांवर लादून घाटावर जाई. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि या वाहतुकीस बहर आला. गाडीची चाके बनवणे हा त्या काळी पनवेलचा नावाजलेला धंदा होता. गेल्या शतकांतील सरकारी गॅझेटिअरांनीही त्याची नोंद घेतलेली आहे. पुढे १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. ती कल्याण-कर्जतवरून गेली, पनवेलवरून नाही. घाटाची वाहतूक रुळांवर गेली आणि आपल्या बंदराचे वैभव ओसरले. यातून मी एक गोष्ट शिकलो. वाहन कधी एकटे येत नाही. बैलगाडीबरोबर सुतार, लोहार, बैलांना पाणी पिण्याचे हौद आणि मुक्कामाच्या धर्मशाळा आल्या. ही सामग्री ज्या गावाजवळ असते ते गाव पुढे जाते. वाहन बदलले आणि सामग्री बदलली नाही, तर ते मागे राहते.

आज पनवेलच्या दारात पुन्हा वाहतूक आली आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आपल्या कळंबोलीपासून सुरू होतो. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. आपल्याच तालुक्यातील उलवे परिसरात नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने उडू लागली. प्रवाशांची ने-आण करणाऱ्या गाड्यांना येथे काम मिळणार यात शंका नाही. त्या गाड्या कशावर चालतील, आणि त्या आपल्या मुलांच्या मालकीच्या असतील की दुसऱ्याच्या, एवढेच ठरावयाचे आहे.

विजेवर चालणारे वाहन आपल्या भागाला नवे नाही. आपल्या शेजारच्या खोपोलीस टाटांचे जलविद्युत् केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि घाटमाथ्यावरील तलावांच्या पाण्याने मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली आली आणि ती १९६४ पर्यंत धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची पहिली आगगाडी धावली. मग मोटारच मागे का राहिली? कारण साधे आहे. ट्रामच्या आणि आगगाडीच्या डोक्यावर तार असते. तिला वीज बरोबर वाहून न्यावी लागत नाही. मोटारीने आपली शिदोरी आपल्याच पाठीवर घेतली पाहिजे. १९०० सालाच्या सुमारास अमेरिकेत विजेच्या मोटारी पुष्कळ होत्या, परंतु शिशाची बॅटरी जड आणि तिची शिदोरी थोडी, म्हणून पेट्रोलने त्यांना मागे टाकले. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली, आणि या शिदोरीचे ओझे हलके होऊ लागले. तिच्या शोधाबद्दल २०१९ साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशानेही हा प्रयत्न लवकर केला होता. बंगलोर येथे ‘रेवा’ नावाची छोटी विजेची मोटार २००१ साली बाजारात आली. एकदा बॅटरी भरली की ती सुमारे ८० किलोमीटर जाई. आपल्याकडे तिला गिऱ्हाईक फारसे मिळाले नाही. परंतु तीच गाडी दुसऱ्या नावाने लंडनमध्ये बरीच खपली, कारण तेथे शहराच्या मध्यभागी मोटार नेण्यास जो कर द्यावा लागे, तो विजेच्या गाडीस माफ होता. गाडी तीच, भोवतालची व्यवस्था निराळी. हा दाखला मी मुद्दाम देतो, कारण आपल्याकडे अपयश आले की आपण आधी गाडीला दोष देतो.

आता आजची स्थिती पाहू. २०२४ साली नॉर्वे देशात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी शेकडा सुमारे ८९ विजेच्या होत्या. त्याच वर्षी आपल्या देशात हे प्रमाण शेकडा दोन ते तीन एवढेच होते. ‘तो श्रीमंत देश, आपण गरीब,’ असे उत्तर कोणी देईल. ते अर्धेच खरे आहे. कारण त्याच वर्षी आपल्या देशात विकल्या गेलेल्या तीनचाकी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक विजेची होती! श्रीमंतांच्या मोटारीपेक्षा गरिबाची रिक्षा पुढे गेली. तेव्हा आपल्या लोकांना विजेचे वावडे आहे, हे म्हणणे टिकत नाही. रिक्षावाल्याने हिशेब केला आणि त्याला तो पटला. मोटारीचा हिशेब कोठे अडतो, ते आपण पाहू.

पहिला अडथळा किमतीचा. बॅटरी महाग असल्यामुळे विजेची मोटार त्याच आकाराच्या पेट्रोल मोटारीहून बहुधा महाग पडते. सरकारने मदत केली नाही असे नाही. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर शेकडा १२ वरून ५ वर आणला. एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याने चालणाऱ्या मोटारींस अनुदान होते. परंतु तो टप्पा मार्च २०२४ मध्ये संपला, आणि ऑक्टोबर २०२४ पासून जी नवी केंद्रीय योजना आली तीत मोटारींसाठी अनुदान ठेवलेले नाही. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल मोटारींवरील कर शेकडा २८ वरून १८ वर आला. सामान्य ग्राहकास ही आनंदाची गोष्ट, पण त्यामुळे दोन्हींच्या किमतींतील अंतर पुन्हा वाढले. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर विजेच्या मोटारींस टोल माफ केला, हे मात्र आपल्या भागाच्या फायद्याचे आहे.

आता थोडे गणित करू. मास्तराने गणित घातले नाही तर तो मास्तर कसला! आकडे सोयीसाठी ठोकळ घेतो. ज्याने त्याने आपापले घालून पाहावेत. विजेची गाडी पेट्रोल किंवा सीएनजीच्या गाडीपेक्षा तीन लाख रुपयांनी महाग आहे असे धरू. घरची वीज १२ रुपये युनिट, आणि एका युनिटात गाडी ६ किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला २ रुपये. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि लिटरला १५ किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. एखादा नोकरदार रोज २० किलोमीटर गाडी चालवतो. वर्षाचे ७,३०० किलोमीटर झाले, बचत ३६,५०० रुपये. जास्तीचे तीन लाख वसूल होण्यास आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. या गृहस्थाने घाई केली नाही तर त्याला कोणी नावे ठेवू नयेत.

आता आपला टॅक्सीवाला तरुण घ्या. तो दिवसास १५० किलोमीटर, वर्षातून ३०० दिवस गाडी चालवतो. म्हणजे ४५,००० किलोमीटर. त्याची आजची गाडी सीएनजीची आहे. ८० रुपये किलो आणि किलोला २० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ४ रुपये. विजेची गाडी त्याने घरी भरली तर २ रुपये. वर्षाची बचत ९०,००० रुपये. तीन लाख साडेतीन वर्षांच्या आतच फिटले, आणि पुढची बचत त्याच्या मुलांच्या शिक्षणास उरली. परंतु त्याला घरी गाडी भरण्याची सोय नसेल तर? मग रस्त्यावरील चार्जिंग केंद्रावर गेले पाहिजे. तेथे युनिटला २१ रुपये पडले असे धरा. किलोमीटरला साडेतीन रुपये झाले. बचत किलोमीटरला आठ आणे, वर्षास २२,५०० रुपये. तीन लाख फिटण्यास तेरा वर्षे लागतील. आणि बॅटरीची हमी सामान्यतः आठ वर्षांची असते! शिवाय केंद्रावर रांगेत घालवलेला वेळ, म्हणजे बुडालेल्या फेऱ्या, त्या मी धरलेल्याच नाहीत.

बंधुभगिनींनो, या विषयाचे मर्म या दोन आकड्यांत आहे. तीच गाडी, तोच चालक, तोच रस्ता. परंतु एकाचे कर्ज साडेतीन वर्षांच्या आत फिटते आणि दुसऱ्याचे तेरा वर्षे फिटत नाही. फरक पडतो तो गाडी रात्री कोठे उभी राहते यावर. बैल विकत घेणारा शेतकरी आधी गोठा पाहतो. विजेच्या गाडीलाही गोठा लागतो, आणि त्या गोठ्यात दावणीइतकाच विजेचा एक मजबूत प्लग लागतो. ज्याच्याजवळ स्वतःचा बंगला आणि आवार आहे, त्याला गाडीची बचत फार नको असते. आणि ज्याला बचतीची निकड आहे, तो भाड्याच्या खोलीत अथवा सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर राहतो आणि गाडी रस्त्याच्या कडेला लावतो. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, अशी ही स्थिती आहे.

मग सोसायटीत अडचण कोठे येते? प्लग बसवणे हे काम एका दिवसाचे. परवानगी मिळणे हे वर्षाचे. कमिटी म्हणते, इमारतीचा मंजूर विजेचा भार कमी आहे. कोणी म्हणतो, पार्किंगची जागा सोसायटीची, तेथे तुमचा मीटर कसा? कोणी म्हणतो, आज एकाला दिले तर उद्या दहा जण मागतील. यांतील भाराचा प्रश्न खरा आहे. जुन्या इमारतींच्या तारा पंखे आणि दिवे यांच्या हिशेबाने टाकलेल्या आहेत. त्यावर दहा गाड्या एकदम लावणे धोक्याचे ठरेल. पण त्यास उपाय आहे. १५ अँपिअरच्या प्लगमधून ताशी सुमारे ३ युनिट वीज जाते. १५० किलोमीटरसाठी २५ युनिट लागतात. म्हणजे रात्री नऊ वाजता लावलेली गाडी पहाटे सहापर्यंत तयार होते, आणि त्या वेळी इमारतीचा इतर वापर कमी असतो. जाणत्या वायरमनकडून तारा तपासून घ्याव्यात, महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज करावा, आणि गाडीसाठी निराळा मीटर घ्यावा. निराळा मीटर एवढ्यासाठी की, घरच्याच मीटरवर गाडी भरली तर महिन्याचे युनिट वाढून बिल वरच्या टप्प्यात जाते आणि दर चढतो. राज्याच्या वीज नियामक आयोगाने वाहनांच्या चार्जिंगसाठी वेगळा दरगट ठेवलेला आहे. त्याची चौकशी करावी.

कायदाही आडवा येत नाही. चार्जिंगची सोय करण्यास वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने २०१८ सालीच स्पष्ट केले. २०१९ साली केंद्राने इमारतींच्या नमुना नियमांत दुरुस्ती सुचवून, नव्या इमारतींच्या पार्किंगपैकी शेकडा २० जागांवर चार्जिंगची तरतूद असावी असे म्हटले. परंतु नियम नव्या इमारतींचे, आणि आपली माणसे राहतात जुन्या इमारतींत. तेथे नियमापेक्षा शेजाऱ्याच्या मनाचा मोठेपणा अधिक उपयोगी पडतो.

पुढचा अडथळा भीतीचा. मार्च २०२२ मध्ये पुण्यात विजेच्या एका स्कूटरने भर रस्त्यात पेट घेतला, आणि त्याची चित्रे घरोघर पोहोचली. त्या वर्षीच्या अशा प्रसंगांनंतर सरकारने बॅटरीच्या तपासणीचे नियम कडक केले, आणि ते डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. भीती सर्वस्वी निराधार नाही. पण तिचे उत्तर बंदी हे नसून चांगली तार, योग्य अर्थिंग आणि कंपनीचाच चार्जर हे आहे. आपल्या गावात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत गाढी नदीचे पाणी पनवेलमध्ये शिरले होते. म्हणून तळमजल्यावरील प्लग आणि मीटर पाण्याच्या पातळीच्या वर, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर बसवावेत.

तिसरा अडथळा कर्जाचा. जुनी विजेची गाडी पुढे काय भावाने विकली जाईल याचा अंदाज बाजाराला अजून नाही. म्हणून कर्ज देणारा हात आखडतो, व्याज अधिक लावतो किंवा मुदत कमी देतो. हप्ता वाढला की वाचलेले पैसे व्याजातच जातात. हातावर पोट असणाऱ्या माणसाला हा अडथळा किमतीहूनही जड वाटतो.

कोणी विद्वान येथे विचारतील की, आपल्या देशातील सुमारे सत्तर टक्के वीज कोळशापासून होते, मग धूर कमी झाला कोठे? प्रश्न रास्त आहे. पण विजेची गाडी तीच ऊर्जा पेट्रोलच्या गाडीहून पुष्कळ कमी वाया घालवते, आणि धूर पनवेलच्या बाजारपेठेत मुलांच्या नाकाशी निघत नाही. शिवाय वीज उद्या सूर्यापासून घेता येते; पेट्रोलच्या इंजिनाला ही सुधारणा करता येत नाही. आपला देश लागणाऱ्या खनिज तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक तेल परदेशांतून आणतो, हेही विसरू नये.

आता आपल्या शेजारचाच एक दाखला देतो. आपल्या जिल्ह्यातील माथेरानला मोटारींना बंदी आहे. तेथे माणसे माणसांना हातरिक्षांतून ओढून नेत असत. हे थांबावे आणि हातरिक्षावाल्यांना विजेच्या रिक्षा मिळाव्यात म्हणून तेथील एका निवृत्त शिक्षकाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. आमच्या पेशाला हे भूषणावह आहे! डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. त्याला विरोध झाला, कारण घोडेवाल्यांनाही आपल्या पोटाची चिंता होती. आणि ई-रिक्षा ठेकेदाराच्या हाती जाव्यात की हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या, यावरही वाद झाला. न्यायालयाने त्या ओढणाऱ्यांनाच द्याव्यात असे सांगितले, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी हातरिक्षांची प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. तेथे यंत्र केव्हाच तयार होते. वेळ लागला तो ते कोणाच्या हाती जावे हे ठरवण्यास. आपल्याकडेही तोच प्रश्न आहे. विमानतळावर विजेच्या टॅक्सी धावतील. मोठ्या कंपन्या स्वतःची चार्जिंगची आवारे बांधून शेकडो गाड्या ठेवू शकतात. एकट्यादुकट्या तरुणाजवळ आवार नाही. त्याला आवार मिळाले नाही तर तो उद्या दुसऱ्याच्या गाडीवर पगारी चालक होईल. पगारी नोकरीत कमीपणा नाही. परंतु जो आज मालक आहे तो उद्या नोकर व्हावा, आणि आपण पाहत राहावे, हे ज्ञातिसंस्थेला शोभणारे नाही.

म्हणून तीन सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली : आपल्या ज्ञातीच्या मंगल कार्यालयाचे आवार लग्नाचे दिवस वगळता रात्री मोकळे असते. तेथे वाहनांसाठी निराळा मीटर घेऊन प्रारंभी दहा प्लग बसवावेत. त्यांचा भार सुमारे ३० ते ३५ किलोवॅट होईल. वीज ज्या दराने मिळेल त्यावर देखभालीपुरते थोडे अधिक आकारून ज्ञातीतील, आणि जागा उरल्यास ज्ञातीबाहेरीलही, गाडीवाल्यांना ती द्यावी. ज्याला घरी गोठा नाही, त्याला ज्ञातीने गोठा द्यावा.

दुसरी : पतपेढीने असे कर्ज देताना फक्त जामीन कोण एवढेच न पाहता, गाडी रात्री कोठे भरणार हे लेखी विचारावे. घरी किंवा कार्यालयात सोय असेल आणि रोजची धाव शंभर किलोमीटरच्या वर असेल, तर कर्ज द्यावे आणि मुदत पाच वर्षांची ठेवावी. सोय नसेल, तर सहानुभूती ठेवूनही तूर्त नकार द्यावा. पुढे फेडता न येणारे कर्ज देण्यात उपकार नाही.

तिसरी : आपल्यापैकी अनेक जण आपापल्या सोसायट्यांचे चेअरमन व सेक्रेटरी आहेत. एखाद्या सभासदाचा प्लगचा अर्ज आला तर तो फाइलीत न ठेवता वायरमनला बोलवावे, खर्च अर्जदाराने करावा, आणि महिन्याच्या आत होय किंवा नाही ते कारणासह कळवावे.

या सूचनांना विरोध होईल हे मी जाणतो. कार्यालयाचे उत्पन्न बुडेल, आवारात गर्दी होईल, उद्या गाड्यांचा प्रकारच बदलला तर काय, असे आक्षेप मला ठाऊक आहेत. त्यांवर कार्यकारिणीने अवश्य विचार करावा. दहा प्लग जास्त वाटल्यास चार बसवून एक वर्ष हिशेब ठेवावा आणि तो पुढील संमेलनात वाचून दाखवावा. आकडे चुकीचे ठरले तर योजना गुंडाळावी. परंतु विचार न करताच विषय पुढे ढकलू नये, कारण विमानतळ आपल्यासाठी थांबणार नाही, आणि १८६३ साली आगगाडीही आपल्या गावासाठी थांबली नव्हती.